पाण्यात उतरला होतात का?

सुरतेला पूर दोन तऱ्हेचे येतात. एक तापीचा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडावे लागले आणि बहुतेक शहर बुडाले. दुसरा खाडीपूर. मिठी खाडी फुगली की लिंबायतच्या गल्ल्यांत गुडघाभर काळे पाणी शिरते. जून २०२५ मध्येही शिरले. खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे याच भागात राहतात आणि त्यांचा पहिला डॉक्टर म्हणजे आपण, नाक्यावरचा जनरल प्रॅक्टिशनर.

लेप्टोस्पायरोसिस दक्षिण गुजरातला नवा नाही. भात आणि उसाच्या शेतांत राबणाऱ्यांत तो दरवर्षी दिसतो. शहरात मात्र तो आपल्या नजरेतून निसटतो, कारण तो उशिरा येतो. उंदराच्या मूत्रातून पाण्यात मिसळलेले जंतू पायाच्या भेगेतून, भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. ताप येतो साधारण पाच ते चौदा दिवसांनी. तोवर पाणी ओसरलेले असते. रातपाळीहून लूम्सच्या खात्यातून पाण्यातूनच घरी परतलेला कारागीर त्या रात्रीबद्दल आपणहून काही बोलत नाही. तो सांगतो, थंडी वाजून ताप आला, अंग मोडून आले, पोटऱ्यांना हात लावू देत नाही. हंगाम डेंग्यूचा, त्यामुळे आपण एनएस-वन लिहून देतो आणि अंगदुखीवर डायक्लोफेनॅकची सुई. मूत्रपिंडावर आधीच घाला घालणाऱ्या आजारात ही सुई फार महागात पडू शकते.

म्हणून या महिन्यापासून तापाच्या प्रत्येक रुग्णाला विचारावे: गेल्या तीन आठवड्यांत पाण्यात उतरला होतात का? उत्तर हो असेल, डोळे स्राव नसताना लाल असतील, पोटऱ्या दाबताच दुखत असतील, तर अहवालाची वाट पाहू नये. पहिल्या चार-पाच दिवसांत आयजीएम बहुधा निगेटिव्हच येते. प्रौढाला डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, तापाला पॅरासिटामॉल. लघवी कमी झाली, कावीळ दिसली, धाप लागली किंवा थुंकीत रक्त आले, तर त्याच तासाला नवी सिव्हिल किंवा स्मीमेर गाठायला लावावे. सलाइन लावून संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवून घेण्याचा मोह अशा वेळी जीवघेणा ठरतो.

प्रतिबंधक मात्रेबाबत थोडी शिस्त हवी. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या धास्तीने सुरतेतले अनेक खासगी दवाखाने बंद झाले आणि टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले. घाबरलेल्या माणसांनी ते मनाला येईल तसे घेतले. डॉक्सीसायक्लिन त्याच कुळातले. ते सरसकट वाटायचे नाही. ज्यांना पाण्यात रोज उतरावेच लागते त्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, लगेच आडवे न होता. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना नाही.

यात सर्वांत आधी नंबर लागायला हवा तो गटारे उपसणाऱ्या कंत्राटी कामगारांचा. दिवसाचा रोज बुडवून ते दवाखान्यात येत नाहीत. आपल्या भागातल्या मुकादमाला गाठावे, नावे लिहून घ्यावीत, गमबूट आणि हातमोजे मिळालेत का ते स्वतः पाहावे आणि पहिली मात्रा हजेरीच्या ठिकाणीच, नाश्ता झाल्यावर, समोर उभे राहून द्यावी.