खुर्चीसाठी शिरगणती, तिजोरीसाठी नुसता आवाज

सांताक्रूझकरांना आमदार भेटतो तो पाटीवर. बाकड्यावर, व्यायामशाळेवर, पेव्हर ब्लॉक टाकलेल्या गल्लीच्या तोंडाशी, 'आमदार निधीतून'. या पाट्या मोजून आपण त्याच्या कामाचा हिशेब मांडतो आणि तिथेच फसतो. आमदाराचा निधी वर्षाला ५ कोटी. २८८ जणांचे मिळून १,४४० कोटी. जुलै २०२४च्या एका पावसाळी अधिवेशनात विधानसभेपुढे पुरवणी मागण्या आल्या ९४,८८९ कोटींच्या. पाट्यांवरचा वर्षभराचा पैसा याच्या दीड टक्का भरतो. एवढ्या मोठ्या रकमांवर आपल्या आमदाराने काय मत दिलं? अध्यक्ष विचारतात, बाकांवरून 'होय'चा गलका उठतो, मागण्या मंजूर. आवाजी मतदानात कोणाच्याही नावापुढे काही लिहिलं जात नाही.

नावानिशी नोंद करा म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं : व्हिप असतो हो, एकट्यादुकट्याच्या मताला काय अर्थ? १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते, हे खरंच. १९९२च्या किहोटो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा बडगा विश्वासमतापुरता आणि पक्षाने ज्यावर कौल मागितला त्या धोरण-कार्यक्रमापुरता ठेवावा, असं सुचवलं. पण पैशाच्या मतदानात हरलं तर सरकारच अडचणीत येतं, तेव्हा तिथे व्हिप निघणारच. निघू द्या. पक्षाने सांगितलं म्हणून हात वर केला, तरी हात त्याचाच. मतदाराने पक्षाला जाब विचारायचा तोही त्याच्याच तोंडून.

दुसरी सबब वेळेची. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला तेव्हा याच सभागृहात एकेक डोकं मोजलं गेलं : बाजूने १६४, विरोधात ९९. त्याआधी १२ नोव्हेंबर २०१४ला फडणवीस सरकारचा ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा विरोधकांनी मतविभागणीसाठी सभागृह डोक्यावर घेतलं होतं. म्हणजे मोजणीचं महत्त्व सगळ्यांना कळतं. खुर्ची पणाला लागली की वेळही सापडतो.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. जुलै २०२४च्या त्या मागण्यांत लाडकी बहीण योजनेची तरतूद होती. नावानिशी 'नाही' म्हणणारा आमदार दुसऱ्या दिवशी बहिणींचा वैरी ठरला असता. ही भीती खोटी नाही. पण म्हणूनच मागण्या खातेवार मताला टाकायच्या असतात, म्हणूनच कपात सूचनेची सोय आहे : नाममात्र कपात सुचवून एखाद्याच बाबीवर बोट ठेवता येतं. ते न करता सभात्याग केला की 'होय' म्हटल्याचा ठपका नाही आणि 'नाही' म्हटल्याचाही नाही. आमच्या विरोधी पक्षांना, कुठलेही असोत, ही पळवाट फार आवडते.

मताचा हा अधिकार मुळात किती मोलाचा, ते पाहा. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावरचं पहिलं भाषण केलं. शिल्लक दिसते ती भरभराटीची नव्हे, जादा करांची, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवलं. अर्थसंकल्पावर मत द्यायचा अधिकार त्या कौन्सिलातल्या सभासदांना नव्हता. आज राज्यघटनेच्या २०३व्या अनुच्छेदाने तो विधानसभेला आहे (विधान परिषदेलाही नाही), आणि तो वापरला कसा हे आपण विचारतसुद्धा नाही.

सांताक्रूझमध्ये तर हे विचारणं सोपं आहे. पूर्वेचा वाकोला कलिना मतदारसंघात येतो, आमदार ठाकरे गटाचे संजय पोतनीस. पश्चिमेचा बराच भाग वांद्रे पश्चिममध्ये, आमदार भाजपचे आशिष शेलार, आता मंत्री. रुळांच्या एका अंगाला विरोधक, दुसऱ्या अंगाला सत्ताधारी. पोतनीसांना सांगावं, पुढच्या अधिवेशनात निदान एका खात्याच्या मागणीवर पोल, म्हणजे नावानिशी मतविभागणी, मागा. शेलारांना सांगावं, तो मागितला तर तुमच्या बाकांवरून त्याला विरोध होऊ देऊ नका.