गोळी कुणाला लागली, ते आधी सांगा!

पहाटेची डहाणू लोकल पकडून विरारच्या पुढे कॉलेज गाठणाऱ्यांना तो सोमवार आठवत असेल. ३१ जुलै २०२३. पहाटे पाचच्या सुमारास जयपूर–मुंबई सेंट्रल सुपरफास्ट पालघर मागे टाकून मुंबईकडे निघाली होती. रेल्वे सुरक्षा दलाच्या, म्हणजे आरपीएफच्या, ड्युटीवर असलेल्या एका कॉन्स्टेबलने सरकारी रायफलमधून गोळ्या झाडल्या. आधी त्याचे वरिष्ठ, सहायक उपनिरीक्षक टिकाराम मीना. मग तीन प्रवासी. एक बी-५ मध्ये, एक पँट्री कारमध्ये, एक एस-६ मध्ये. तिघेही मुस्लिम. त्यातला एक आपल्याच जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्याचा. मीरा रोडजवळ गाडी थांबली आणि तो पकडला गेला.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ते मधले डबे. बी-५ पासून एस-६ पर्यंत चालत जाताना त्याच्या वाटेत शेकडो माणसं होती. झोपलेली, घाबरलेली, उतरायच्या तयारीत असलेली. तो त्यांच्या बाजूने गेला. मग एका मृतदेहाशेजारी उभं राहून त्याने जे काही पाकिस्तानबद्दल आणि देशात राहण्याबद्दल बोलून दाखवलं, त्याचा व्हिडिओ दुपारपर्यंत आपल्या सगळ्यांच्या फोनवर होता.

त्यानंतर वाद सुरू झाला. एक बाजू म्हणाली, त्याचं डोकं फिरलं होतं, उगाच धर्म आणू नका. दुसरी म्हणाली, हा सरळसरळ द्वेष आहे. रेल्वे मंत्रालयाने तर त्याच्या मानसिक आजाराची नोंद वैद्यकीय तपासणीत नव्हती असं निवेदन काढलं आणि काही तासांत ते मागेही घेतलं. लोहमार्ग पोलिसांनी खुनाबरोबरच धर्माच्या आधारावर तेढ पसरवल्याचं कलम लावलं. खटला कोर्टात आहे, निकाल कोर्ट देईल.

पण मला हा वादच चुकीच्या रुळावर गेलेला वाटतो. आजार आणि द्वेष यातलं एकच खरं असायला पाहिजे, असं कुणी सांगितलं? समजा, माणूस आजारी आहे. तरी आजारी डोक्याने कुणाला निवडायचं, हे कुठून ठरतं? ते त्याच्या आजूबाजूच्या हवेतूनच येतं ना! दुसरा प्रश्न तर याहून साधा आहे. सोबतच्या कॉन्स्टेबलच्या तक्रारीनुसार, याने तब्येत बरी नाही, वलसाडला उतरू द्या, अशी मागणी केली होती. त्याला मुंबईपर्यंत ड्युटी पूर्ण करायला सांगण्यात आलं. पुढे बडतर्फ झाला तेव्हा त्याच्या नावावर शिस्तभंगाचे जुने प्रकार असल्याचंही बाहेर आलं. मग रायफल त्याच्या हातात कशी राहिली? हा प्रश्न टीव्हीवर फार टिकला नाही. त्यात ओरडायला दोन बाजू नव्हत्या.

कुणी म्हणेल, हा काही पोलिसांचा गोळीबार नव्हे, हा ड्युटीवरच्या माणसाने केलेला गुन्हा. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण जीव घेऊ शकणारं हत्यार सरकारने ज्याच्या हातात दिलंय, तो समोरच्या माणसाकडे कोणत्या नजरेने बघतो, हा प्रश्न दोन्हीकडे तोच. आणि त्या नजरेबद्दल थोडी माहिती आपल्याकडे आहे. ‘कॉमन कॉज’ आणि सीएसडीएस या संस्थांनी २०१९ मध्ये २१ राज्यांतल्या सुमारे बारा हजार पोलिसांना प्रश्न विचारले होते. मुस्लिम लोक स्वभावतःच गुन्ह्याकडे झुकलेले असतात, असं कमी-अधिक प्रमाणात मानणारे जवळपास निम्मे निघाले. धोकादायक गुन्हेगारावर खटला चालवण्यापेक्षा त्याला मारून टाकणं बरं, असं म्हणणारे पाचात एक. त्याच अहवालात असंही आहे की पोलीस सरासरी १४ तास काम करतात. हे तीन आकडे वेगवेगळे वाचू नका.

आता आपल्याच जिल्ह्यातली दुसरी रात्र. १६ एप्रिल २०२०, पहिला लॉकडाऊन, डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. कांदिवलीहून सुरतला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांना जमावाने ठार मारलं. चोर फिरताहेत, मुलं पळवणारे आलेत, ही अफवा आधीपासून पसरली होती. पोलीस तिथे हजर होते. वयस्कर साधू पोलिसाचा हात धरून बाहेर येतोय, तो व्हिडिओही आपण पाहिला. तेव्हा देशभरातून प्रश्न आला, पोलिसांनी गोळ्या का नाही घातल्या?

प्रश्न रास्त होता. जीव वाचवायला बळ वापरणं, हे पोलिसांचं कामच आहे आणि त्या रात्री ते झालं नाही. अनेक पोलिसांवर कारवाई झाली, तपास सीआयडीकडे गेला. पण बाहेर वाद कशावर पेटला? मारणारे कोणत्या धर्माचे, यावर. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुस्लिम नाही. मग रोख आदिवासींवर वळला. डहाणू-तलासरीच्या पोरांनी तेव्हा मुंबईत गावाचं नाव सांगितल्यावर काय काय ऐकलं असेल, ते तुमच्या वर्गातल्या एखाद्याला विचारून बघा.

तिसरी घटना जिल्ह्याबाहेरची, पण आपल्या स्टेटसवर जोरात चाललेली. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्यांवरच्या अत्याचारातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला पोलीस व्हॅनमध्ये, मुंब्रा बायपासजवळ गोळी लागून मेला. पोलीस म्हणाले, त्याने पिस्तूल हिसकावलं. लोकांनी पेढे वाटले, बॅनर लागले. गुन्हा इतका भयंकर होता की राग येणं स्वाभाविकच. पण जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं, बळाचा वापर समर्थनीय नव्हता असं म्हटलं, आणि एप्रिलमध्ये मुंबई हायकोर्टाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. ही बातमी किती जणांनी फॉरवर्ड केली? मी तरी एकही पाहिली नाही.

तीन घटना, आणि तिन्ही वेळा आपण आधी विचारलं, मेला कोण? तो ‘आपला’ असेल तर पोलीस नालायक. ‘त्यांचा’ असेल तर त्याची काहीतरी चूक असेलच. आणि तो नराधम ठरला असेल तर पोलीस हिरो. नियम काय आहे, हे मधे कुठेच येत नाही.

नियम आहे बरं का. अटक करताना समोरचा विरोध करत असेल तर पोलीस आवश्यक ते बळ वापरू शकतात. पण फाशी किंवा जन्मठेपेचा आरोप नसलेल्या माणसाचा जीव घ्यायचा अधिकार त्यातून मिळत नाही. पूर्वीच्या फौजदारी संहितेत हे होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आणि चकमकीत मृत्यू झाला तर काय करायचं, हे सुप्रीम कोर्टाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात १६ मुद्द्यांत सांगून ठेवलंय. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, चकमक खरी होती हे निःसंशय सिद्ध होईपर्यंत शौर्यपदक किंवा बढती देऊ नका. निकालाची तारीख, २३ सप्टेंबर २०१४. मुंब्रा बायपासच्या बरोबर दहा वर्षं आधी, त्याच तारखेला.

खटल्याच्या नावात महाराष्ट्र आहे, तो उगाच नाही. ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ हा शब्द आपण मुंबईतून देशाला दिला. त्यातलं एक मोठं नाव, प्रदीप शर्मा, २०१९ मध्ये नालासोपाऱ्यातून विधानसभेलाही उभं होतं. ते हरले. मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने त्यांना २००६ च्या बनावट चकमकीच्या प्रकरणात जन्मठेप सुनावली. त्यांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या मतदारांपुढे हा विषय थेट मतदानयंत्रावरच आला होता.

अमेरिकेत हाच वाद वंशावरून चालतो. मे २०२० मध्ये मिनीआपोलिसला जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला आणि पुढच्याच आठवड्यात आपल्याकडच्याही कितीतरी जणांनी इन्स्टावर काळा चौकोन टाकला. गडचिंचलेला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. तिथल्या आणि इथल्या वादात मला दिसणारा मोठा फरक आकड्यांचा आहे. २०१४ मध्ये फर्ग्युसनला कृष्णवर्णीय मुलगा पोलिसाच्या गोळीने मेल्यावर, तिथे सरकारकडे धड आकडेच नाहीत हे लोकांच्या लक्षात आलं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने २०१५ पासून पोलिसांच्या गोळीने मेलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवली. वर्षाला साधारण हजार. आणि लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त. वाद संपला नाही, पण हवेतला राहिला नाही.

आपल्याकडे तुरुंगातल्या कैद्यांची जात-धर्मवार आकडेवारी सरकार छापतं. पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांची नुसती संख्या मिळते. ते दलित होते, आदिवासी होते, मुस्लिम होते की आणखी कोण, हे कळायला मार्ग नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत कायद्याचं शिक्षण घेणारा, वडार समाजातला एक तरुण कोठडीत मेला. त्याची जात आपल्याला माहीत आहे ती मोर्चे निघाले म्हणून.

मोजणं आणि लक्षात ठेवणं, दोन्हीत आपण निवड करतो. पालघरच्या पाचबत्तीचा हुतात्मा स्तंभ तुम्ही रोज ओलांडत असाल. १४ ऑगस्ट १९४२ ला पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण गेले, त्यांचा तो स्तंभ. शाळेपासून आपल्याला पाठ आहे. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. तेही पाच. तलासरीकडे लाल बावट्याची माणसं दरवर्षी तो दिवस पाळतात. बोईसरच्या किती कॉलेजांत तो माहीत आहे? तेच पोलीस, तेच सरकार, तीन वर्षांचं अंतर.

तेव्हा पुढच्या वेळी राज्यशास्त्राचे किंवा मास मीडियाचे सर प्रोजेक्टचा विषय विचारतील, तेव्हा एक सुचवतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. तेव्हापासून इथे पोलिसांनी किती वेळा गोळी चालवली, किती मेले, ते कोण होते, किती प्रकरणांत दंडाधिकारी चौकशी झाली आणि अहवालाचं पुढे काय झालं, एवढंच माहिती अधिकारात विचारा. एक अर्ज पालघरच्या पोलीस अधीक्षकांना. वसई-विरार-नालासोपाऱ्यासाठी दुसरा, मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालयाला. तिसरा लोहमार्ग पोलिसांना आणि चौथा आरपीएफला, तो केंद्राच्या अखत्यारीत येतो. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. चार अर्ज, चाळीस रुपये.