एकांत ही चैन नव्हे



‘ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील एकांतसाधना ही रिकामटेकड्यांची चैन, जपानसारख्या राबणाऱ्या देशात तिला कोण विचारतो?’ हे गेल्या अंकातील वाचकाचे म्हणणे पटले नाही. जपानात ख्रिस्ती माणसे जेमतेम एक टक्का, हे खरे. पण दाखला द्यायचा तर पुरा द्यावा.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे काही शेतकरी तिथले मिशनरी फादर पेतिजाँ यांना भेटले. ख्रिस्ती धर्मावरील बंदीमुळे दोनशेहून अधिक वर्षे या लोकांना ना धर्मगुरू, ना चर्च. उघडकीस आले तर छळ ठरलेला. तरी त्यांनी सांगितले, ‘सध्या दुःखकाळाचा सतरावा दिवस चालू आहे.’ दुःखकाळ म्हणजेच हा उपवासकाळ. तो ज्या राखेच्या बुधवारी सुरू होतो, तो त्या वर्षी १ मार्चला होता. मोजून पाहा, हिशेब चोख आहे! दिवसभर चिखलात राबून हा काळ वेगळा राखणारे रिकामटेकडे होते काय?

दुसरे नाव जेझुइट धर्मगुरू फादर लासाल यांचे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात अणुबॉम्बस्फोटात ते जखमी झाले. तिथले १९५४ साली पूर्ण झालेले शांतता-स्मारक कॅथेड्रल त्यांच्याच खटपटीचे फळ. हेच फादर झेन साधकांसोबत तासन्‌तास मौनात बसत आणि पुढे टोकियोच्या पश्चिमेला डोंगरात त्यांनी साधनागृह काढले. यांना रिकामटेकडे म्हणवेल?

एकांतसाधनेच्या काही शिबिरांत प्रवचनांचाच भडिमार असतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. पत्रलेखकांनी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारापूर्वी दोन दिवस मोबाइल बंद ठेवून बसून पाहावे आणि मग खुशाल पुन्हा लिहावे.

– एक वाचक, वसई