आठ नंबर म्हणजे नक्की किती?

'लाइन' म्हटलं की हॉस्टेलवाल्यांना मेसची आठवते, नाहीतर सकाळची बाथरूमची. मी लिहितोय ती मासे धरायची लाइन. विषय ऐकून संपादकांनी कपाळाला हात लावला, पण हा शुद्ध मेकॅनिक्सचा विषय आहे!

माझा आतेभाऊ सिॲटलला नोकरी करतो. तिथून उत्तरेला स्कॅजिट नदी आहे आणि दादाला तिथे दोन हातांच्या रॉडने फ्लाय फिशिंग शिकायचंय. याला स्पे कास्टिंग म्हणतात, स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून. काठावर मागे झाडं असली की दोरी मागे भिरकावता येत नाही. म्हणून ती पाण्यावर टेकवून मागे इंग्रजी डीसारखा झोळ करायचा आणि तिथूनच पुढे फेकायची.

आपल्याकडे गळाला लावलेलं शिसं दोरीला ओढत नेतं. फ्लाय म्हणजे पिसांची खोटी माशी, तिला वजन असं नाहीच. इथे दोरी हेच वजन. तीच रॉड वाकवते, म्हणजे स्प्रिंगमध्ये एनर्जी भरते. आणि दादा महिनाभर फक्त रॉड निवडतोय! लाइन म्हणे 'दुकानदार देईल ती'. माझं मत बरोबर उलटं आहे. पहिल्यांदा घेताना डोकं लाइनसाठी चालवा.

सगळी गडबड नंबरात आहे. एका हाताच्या आठ नंबर लाइनचे पहिले 30 फूट भरतात 210 ग्रेन, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम. दोन हातांच्या आठ नंबर रॉडला मात्र 500 ग्रेनच्या वर लागतात. नंबर तोच, वजन दुपटीहून जास्त! आपण युनिट विसरलो तर व्हायवात केवढं ऐकून घेतो. तेव्हा नंबर सोडा, ग्रेन वाचा आणि रॉडच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेनशी जुळवा.

मग लांबी. लाइनचा पुढचा जाड भाग म्हणजे हेड. जुन्या स्कॉटिश पद्धतीत ते 65-70 फुटांचं असतं, आणि हात त्यावरच बसतो असं जाणकार म्हणतात. मला नाही पटत. 13 फुटी रॉडने एवढी दोरी पाण्यातून उचलायला टायमिंग लागतं, आणि नवशिक्याकडे नेमकं तेच नसतं. वारा रॉडच्या बाजूने अंगावर येत असेल तर गळ थेट तोंडाकडे! स्कँडी हेड 30-40 फुटांचं, हलक्या फ्लायसाठी, उन्हाळ्यात झकास. पण दादा जाणार हिवाळ्यात. थंड पाण्यात स्टीलहेड मासा खाली, तळाजवळ असतो. तिथे त्याच नदीच्या नावाचं स्कॅजिट हेड घ्यावं. 20-25 फूट, आखूड पण जड, पुढे बुडणारं टोक जोडून मोठी फ्लायही नेतं. शिवाय दोरी पाण्यावर टेकल्यावर क्षणभर विचार करायला सवड मिळते.

एवढा कीस कशाला? त्या भागातला जंगली स्टीलहेड 2007 पासून अमेरिकन सरकारच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. धरला तरी सोडून द्यायचा, आणि परवानगीचे दिवसही मोजकेच. ते गुंता सोडवण्यात घालवायचे का?

आणि हो, हेड सुटं, लूपने जोडायचं घ्यावं. उन्हाळ्यात स्कँडी हवं झालं तर तेवढंच बदलता येतं, मागची बारीक लाइन तीच चालते.