अभिजात रद्दी

मंडळी, ३ ऑक्टोबर २०२४ ची संध्याकाळ आठवतेय? केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. त्यातली निम्मी अभिनंदनं रोमन लिपीत! एका भाच्याने तर अभिमानसुद्धा इंग्रजीतच बाळगला. (तो हे वाचणार नाही, म्हणूनच बिनधास्त लिहितोय.)

अभिजात ठरायला भाषा दीड-दोन हजार वर्षं जुनी असावी लागते. रंगनाथ पठारे समितीने हे सगळं २०१३ मध्येच मांडलं होतं. पुराव्यात नाणेघाटातला शिलालेख होता, हालाची गाथासप्तशती होती. आता ही सप्तशती म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, आणि त्यातल्या बऱ्याचशा चक्क शृंगाराच्या! म्हणजे अभ्यासाच्या पुस्तकात कादंबरी लपवून वाचली म्हणून लहानपणी मी जो मार खाल्ला, तो फुकटच. परंपराच पाळत होतो की मी.

असो. त्याच महिन्यात आईचं घर रिकामं करायला घेतलं. पुस्तकांची तीन कपाटं. रद्दीवाल्याने एक नजर टाकून विचारलं, "इंग्लिश काय हाय का? मराठी किलोवर घेतो." मला राग आला. म्हटलं, आपल्या ग्रुपवर एवढे भाषाभिमानी आहेत, आधी त्यांना विचारू. "आईची पुस्तकं कोणाला हवी आहेत?" दिवसभर शांतता. रात्री एका मावसभावाचा निरोप आला, "कपाट सागवानी आहे का रे?"

खोटं कशाला बोलू, शेवटी दोन कपाटं रद्दीवालाच घेऊन गेला. मी पैसेही घेतले. नंतर उरलेली पुस्तकं चाळताना समासात आईची पेन्सिलीतली अक्षरं दिसली. एका पानावर नुसतंच "खरंय." गेलेल्या दोन कपाटांत ती अजून काय काय म्हणाली होती, ते आता कळायची सोय नाही.

दर्जा मिळाला याचा आनंद आहेच. पण तो मागच्या दोन हजार वर्षांचा झाला. पुढचं काम कुठलं सरकार करणार नाही, ते आपल्यालाच पुस्तक उघडून करावं लागेल.

तेव्हा नातेवाईकहो, यंदा दिवाळीला आमच्याकडे याल तेव्हा प्रत्येकाने दोन पुस्तकं न्यायची. फराळ त्यानंतर. आणि हो, कपाट सागवानीच आहे. देणार नाही.