डाग दाखवा!

मी साच्यावरचा माणूस. माझ्या कापडात डाग निघाला तर फोल्डिंगवाला त्यावर बोट ठेवतो, मगच पगार कापतात. भाऊ माझा नेट पास. प्राध्यापकीच्या मुलाखतीला गेला. सात मिनिटं. गाव कुठलं, बाप काय करतो. राखीव जागेपुढं शेरा : 'योग्य उमेदवार आढळला नाही.' अरे, डाग कुठाय?

केंद्रानं १ जानेवारी २०१६ पासून शिपाई-कारकुनांच्या मुलाखती बंद केल्या. साहेबांच्या चालूच, यूपीएससीत २०२५ पैकी २७५ गुण तोंड बघून. लेखी पेपर तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही. मुलाखतीत ते आपल्याआधी खुर्चीत जाऊन बसतं.

निवेदनं पुरे. मोर्चा न्यायचा तर एवढ्यासाठी न्या : शेऱ्याखाली कारण लिहा, अन् समितीतल्या प्रत्येकानं सही ठोका.