द्वारपालाचा धनी कोण?

घराच्या दाराला लावावयाच्या कॅमेऱ्यांचीं आणि चित्र दाखविणाऱ्या घंटांचीं जीं परीक्षणें हल्लीं ठिकठिकाणीं प्रसिद्ध होतात, त्यांपैकीं बरींच आम्हीं लक्षपूर्वक वाचलीं. काळोखांत चेहरा कितपत स्पष्ट उमटतो, दृष्टीचा कोन किती अंशांचा, बॅटरी किती महिने पुरते, मांजर आणि मनुष्य यांतला भेद यंत्रास कळतो कीं नाहीं, या सर्वांस तेथें गुण दिलेले असतात. पहारेकरी ठेवतांना त्याची दृष्टि तीक्ष्ण आहे ना एवढेंच पाहावें आणि तो इमान कोणाशीं राखतो हें विचारूंच नये, अशांतला हा प्रकार आहे. परीक्षणकर्त्यांशीं आमचा वाद आहे तो येथेंच.

या वस्तूची मूळ कल्पनाच निंद्य होती असें मात्र कोणी समजूं नये. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेनें आपल्या पतीसह १९६६ सालीं अशा योजनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला व १९६९ सालीं तें मिळालें. पोलिसांस बोलावलें तरी ते वेळेवर येत नसत. तेव्हां दाराला निरनिराळ्या उंचीवर छिद्रें ठेवून, त्यांमागें वरखालीं सरकणारा कॅमेरा बसवून, बाहेरचा मनुष्य पडद्यावर पाहण्याची व त्याच्याशीं बोलण्याची सोय तिनें योजिली. त्या योजनेंत पडदा घरांत होता, आणि त्यापुढें बसणारी खुद्द घरधनीण होती.

आजच्या बहुतेक घंटांचें चित्र आधीं कंपनीच्या दूरदेशींच्या संगणकावर जातें आणि तेथून आपल्या खिशांतल्या फोनवर येतें. मासिक वर्गणी थांबली कीं काल आपल्याच दाराशीं कोण येऊन गेलें तें पाहण्याचा अधिकारही पुष्कळदां थांबतो! हें सहन करतां येईल. परंतु २०१८ पासून ॲमेझॉनच्या मालकीच्या असलेल्या रिंग कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें २०२३ सालीं आरोप ठेवला तो असा, कीं तिच्या एका नोकरानें २०१७ सालीं स्त्रियांच्या शयनगृहांतील व स्नानगृहांतील हजारों चित्रफिती पाहिल्या होत्या. प्रकरण ५८ लक्ष डॉलरांवर मिटलें. पुढें २०२४ च्या फेब्रुवारींत वाइझ कंपनीच्या सुमारें १३,००० ग्राहकांस परक्यांच्या घरांतलीं चित्रें आपल्या फोनवर दिसलीं. दोन्ही प्रसंगीं भिंगाला पूर्ण गुणच द्यावे लागतील.

चित्रें घराबाहेर जातच नाहींत अशी ग्वाही देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यांचा मार्ग आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतो. पण ग्वाही ती ग्वाहीच. यूफी कंपनीनें अशाच वचनावर नांव कमावलें. लहान आकाराचीं चित्रें तिच्या बाहेरच्या संगणकांवर जात असल्याचें २०२२ सालीं एका अभ्यासकानें दाखवून दिलें. इंटरनेट बंद करून यंत्र काय काय करूं शकतें तें पाहावें, ही परीक्षा घटकाभराची आहे. ती न करतां तारे वाटणाऱ्या परीक्षकास आम्ही परीक्षक म्हणत नाहीं, विक्रेत्याचा भाट म्हणतों.

‘ज्याला कांहीं लपवावयाचें नाहीं त्यानें भ्यावें कां?’ असा प्रश्न येथें हटकून येतो. तो विचारणारा बहुधा फोन हातांत असलेला असतो. भिंगासमोर उभा असलेला नव्हे. पुण्यामुंबईच्या इमारतींत दोन बिऱ्हाडांचीं दारें चारपांच हातांच्या अंतरावर समोरासमोर असतात. एका दारावर डोळा बसला कीं दुसरें दार उघडतांच आंतली बैठक त्याला दिसते. समोरची मुलगी किती वाजतां परतली, तिला पोंचवावयास कोण आलें होतें, मोलकरीण किती वेळ थांबली, हें सारें शेजाऱ्याच्या खिशांत साठत जातें. ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयानें २०२१ सालीं अशाच एका शेजाऱ्यास दोषी धरलें, आणि चित्रापेक्षां दूरवरचें संभाषण टिपणें अधिक घातक ठरविलें. आमच्याकडील २०२३ चा व्यक्तिगत विदासंरक्षणाचा कायदा मनुष्यानें खाजगी वा घरगुती हेतूनें केलेल्या संग्रहास लागूच होत नाहीं. २०२५ च्या एप्रिलपासून अशा कॅमेऱ्यांची सुरक्षिततेची तपासणी सक्तीची झाली, हें ठीकच आहे. पण ती यंत्राच्या कुलपाची तपासणी आहे, त्याच्या नजरेची नव्हे.

मुलगा न्यूजर्सींत आणि वृद्ध आईबाप कोथरुडांत, अशा घरीं दाराची घंटा खरोखरीच उपकारक आहे. अनोळखी माणसास दार न उघडतां वाटेला लावतां येतें. त्याच मुलानें माजघरांतही डोळा बसविला म्हणजे मात्र विचारपूस संपून पहारा सुरू होतो. आईनें दुपारीं किती वेळ डोळे मिटले याचा जाब समुद्रापलीकडून विचारला जाऊं लागतो, आणि तिची संमति घेण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

तेव्हां यापुढील परीक्षणांत आम्हांस तीन उत्तरें हवींत: चित्र कोठें राहतें, तें आणखी कोण पाहूं शकतो, आणि समोरच्या बिऱ्हाडाचा कोणता भाग त्यांत येतो. यांतलें शेवटचें उत्तर मिळविण्यास परीक्षकास आपल्या दाराबाहेर चार पावलें जाऊन समोरचें दार ठोठवावें लागेल.